किडीच्या रेघा

सुमतीताईंनी लाकडी ठशावरून कागद अलगद सोडवला आणि आम्ही दोघी त्यावर वाकलो. खिडकीतून दिसणारी खाडी त्यांनी फळीवर कोरली होती, ती नीट उमटली होती. पण आभाळात बारीक, पांढऱ्या, वळणदार रेघा होत्या, वारा सुटल्यासारख्या.

“या कधी कोरल्यात?” मी विचारलं.

“मी कुठे? फळीला कीड लागली होती.” त्यांनी सहीसाठी पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. “आणि चित्रात तेवढंच बरं आलंय. सही करू की नको गं?”

कीड आपलं पोट भरत होती, तिला कुठलं आभाळ ठाऊक? तरी वारा तिलाच सापडला. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाडीवरचं आभाळ नितळ होतं, एकही रेघ नसलेलं, कुणीतरी काम अर्धवट टाकून उठल्यासारखं.