संत्रा बर्फीचा डबा

आमच्या आर्ट स्कूलमध्ये कॉपीला कॉपी म्हणत नसत, रेफरन्स म्हणत. कमर्शिअल आर्टच्या वर्गातल्या कपाटात पॅकेजिंगची आणि अक्षरांची जाडजूड विलायती पुस्तकं कुलपात असायची आणि किल्ली सरांच्या खिशात. शनिवारी कपाट उघडलं की सगळे ट्रेसिंग पेपर घेऊन तुटून पडायचे. सोमवारी कुणाचा साबण इटलीचा होऊन यायचा, कुणाचं दंतमंजन जर्मनीचं. सर खूश, पोरं खूश.

त्या पुस्तकांवर माझाही जीव होता, खोटं कशाला बोलू. पण मला त्यातलं एकच पान पुरलं. पावाची साधी कागदी पिशवी आणि तिच्यावर भट्टीत करपल्यासारखं तपकिरी एक अक्षर. ते पाहून मी हरखूनच गेले. अक्षर वस्तूतूनच काढायचं असतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटच्या वर्षाला संत्रा बर्फीचा डबा करायचा होता. बाबा संत्रा मार्केटमध्ये पेट्या भरायचे. फळ्यांच्या फटींतून भाताचं तणस आणि संत्री डोकावायची, ते मी लहानपणापासून पाहत आले होते. मी शिरोरेषा पेटीच्या फळीसारखी जाड, खडबडीत काढली. अक्षरं तिच्याखाली दाटीवाटीनं बसवली आणि मधल्या फटींत केशरी रंग भरला. नापास झाले तर ते वर्ष पुन्हा करायला मिळणार नव्हतं. सावनेरचं एक स्थळ आईनं धरूनच ठेवलं होतं.

सरांनी डबा उलटासुलटा करून पाहिला.

"कुठून घेतलंस?"

"माझं आहे, सर."

"पुस्तक कोणतं, ते विचारतोय."

"पुस्तक नाही. बाबांच्या पेटीवरून सुचलं."

वर्ग खो खो हसला. मागून एक जण म्हणाला, "सांगून दे न वं, कोण्या पुस्तकातून मारलं! काहून लपवून राहिली?"

सरांनी कपाट उघडून एकेक पुस्तक चाळलं. पान सापडेना, तसा त्यांचा पारा चढत गेला. "म्हणजे बाहेरचं पुस्तक आहे," ते म्हणाले. "ही चोरी चालणार नाही. आठवड्यात दुसरा डबा करून आण." ज्यांची पानं त्या कपाटात होती ते सगळे पास झाले. माझं पान कुठेच नव्हतं म्हणून मी चोर ठरले.

अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण सावनेर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. शनिवारी मी सगळ्यांच्या आधी कपाटापाशी उभी राहिले. एक परदेशी चॉकलेटचा डबा निवडला आणि फीत, फुलं, सोनेरी किनार, सगळं जसंच्या तसं उतरवलं. चॉकलेटच्या नावाच्या जागी 'संत्रा बर्फी' लिहिलं. मूळ नावाला शिरोरेषा नव्हती म्हणून तीही उडवली. सरांनी ते पान काढून शेजारी ठेवलं, दोन्हीकडे पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. म्हणाले, "मेहनत केली की जमतं."

पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शनात तो डबा काचेत ठेवला होता. बाबा मार्केटमधून परस्परच आले, केसांत तणसाची काडी तशीच. माझा पहिला डबा त्यांनी घरी पाहिला होता. "हे तं आपली पेटीच होय," एवढं म्हणून ते पाय धुवायला गेले होते. इथे मात्र काचेसमोरून हलेनात. शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "माह्या पोरीनं केलं." मग माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते.

"काय वं माय, एकदम फारेनचं वाटते! आपल्या इथलं वाटतच नाही."

मी हसले. सरांवर मी आजही खुशाल चिडते. बाबांवर कसं चिडू?