चहातली गोळी

माझी बायको वर्सोव्याच्या बाजारात मासळी विकायला बसायची. चौथीत शाळा सुटली, तरी तिच्याएवढी हुशार बाई मी बघितली नाही. नवरा आहे म्हणून सांगत नाही.

तिला डायबेटिस निघाला आणि साखर बंद झाली. तिला तर गोडमिट्ट चहा लागायचा. मग मी औषधाच्या दुकानातून त्या बारीक गोड गोळ्या आणल्या. बाजारातल्या बायकांनी लगेच घाबरवलं, याने कॅन्सर होतो, किडनी सडते. ती कोणाशी भांडली नाही. डबी कमरेला खोचून दवाखान्यात गेली, टेबलावर ठेवली आणि विचारलं, हे विष आहे का? डॉक्टरीणबाईंनी डबीवरचं वाचून सांगितलं, दिवसाला दोन-तीन गोळ्यांनी काही होत नाही. तिचा प्रश्न मिटला.

मी मात्र अडाणीच. नारळी पुनवेला घरात नारळीभात आणि तिला खाता येत नाही, हे मला बघवेना. मी तिच्या भातावर चार गोळ्या कुस्करून टाकल्या. मला वाटलं, गोळी साखरेला मारते. ती पोट धरून हसली.

"अहो, गोळी साखरेला मारत नाही, साखरेच्या जागी बसते. यातला गूळ कुठे जाणार?"

एक घास खाल्ला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. इतका गोड भात मलाही गिळवेना.

यंदा ती हार्टने गेली. बाराव्याला मेहुणी सगळ्यांसमोर बोलली, "भावोजी, त्या गोळ्यांनीच खाल्लं माझ्या बहिणीला. रोज चहात तुम्हीच टाकत होता ना?"

खोटं नव्हतं. सकाळचा चहा मीच करायचो. त्या दिवसापासून डोक्यात एकच. मीच मारलं की काय तिला? शेवटी त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, गोळ्यांनी नाही, जुना डायबेटिस हार्टवर गेला. आणि सांगितलं, तेव्हा गोळ्यांचं विचारून गेल्यावर तिने बाजारातल्या चार बायकांना ओढत आणून रक्तातली साखर तपासायला लावली होती. तिला घाबरवणाऱ्या त्याच. मला घरी कधी बोलली नाही.

मेहुणीला जाऊन सगळं सांगितलं. आधी ऐकेना, मग रडायला लागली. बहीण गेली, राग कोणावर तरी काढायचा होता तिला. मला कोणी सापडलं असतं तर मीही काढला असता.