सुप्याची मंडळी, म्होरं या!

आमच्या अब्बांचा मंडप-स्पीकरचा धंदा, पण इंदापूर-बारामतीत लोक त्यांना ओळखतात ते गळ्यावरून. निकाह असो की धनगराघरची हळद, माईक अब्बांच्या हातात. आमच्याकडे लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव माईकवरून घ्यावं लागतं. आधी गाव, मग नाव, मग मान. एखादा राहिला तर तो न जेवता उठतो आणि पुढं त्याची नातवंडंसुद्धा तो अपमान सांभाळून ठेवतात. अब्बांकडून कधी कुणी राहिलं नाही. ते नाव घ्यायचे आणि त्या माणसाची पाठ आपोआप ताठ व्हायची.

घरच्यांचं नाव मात्र ते कधीच घेत नसत. मी लहानपणी स्पीकरच्या खोक्यावर बसून वाट बघायचे, आता घेतील, मग घेतील. एकदा रडून विचारलंच.

"घरच्याचं नाव घ्यायचं नसतं," अब्बा म्हणाले. "लोक म्हणत्यात, माईक काय बापाचा हाय का?"

"पण माईक बापाचाच हाय!" मी ओरडले. अम्मी पदर तोंडाला लावून हसली. माझं नाव काही आलं नाही. दोन्ही तालुक्यांतल्या माणसांनी आपलं नाव माझ्या बापाच्या तोंडून ऐकलेलं आणि मी तेवढी कोरडी, हे मला फार लागायचं.

बारामतीला कॉलेजात गेले आणि मोबाइलवर ऐकून ऐकून रॅप करायला लागले. जीभ तिखट होतीच, आता तिला ताल मिळाला. अब्बांनी एकदा शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "झकास हाय. पर समोर माणूसच न्हाय. कुणाशी भांडतीयास?" मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग वरकुट्याच्या माझ्या कॉलेजातल्या मित्रानं सिनेमा काढायचं घेतलं. खेड्यातली एक पोरगी रॅप करते, एवढीच गोष्ट. त्याचं मुख्य गाणं माझ्याकडे आलं. मी हवेत तरंगत घरी आले आणि एका बैठकीत लिहून काढलं. त्यात शहर होतं, आग होती, जमाना तर ओळीओळीला होता. मित्रानं ऐकलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "ही पोरगी कुठली म्हनायची?"

"तुझ्या डोक्यातली," म्हणून मी फोन ठेवला. पण प्रश्न काही हटेना. शेवटी मला कळलं की एका दमात, ताल न सोडता बोलणारा मी पाहिलेला पहिला माणूस आमच्याच घरात जेवायला बसतो. मी अब्बांकडे गेले. म्हटलं, गाण्याच्या सुरुवातीला तुमचं स्वागत पाहिजे.

"मंडपात कोण येनार हाय?"

"कोणी नाही. आपल्या गोदामात रेकॉर्डिंग आहे."

"मग स्वागत कुनाचं करू? गाद्यांचं?"

ते हटून बसले. माणूस आल्याशिवाय स्वागत करणं म्हणजे खोटं बोलणं, आणि माईकवर आपण कधी खोटं बोललो नाही, असं त्यांचं म्हणणं. मग काय, मी फोन करकरून माणसं बोलावली. गाण्याच्या रेकॉर्डिंगचं आमंत्रण देणारी मी पहिलीच असेन. लोकांनी विचारलं, "जेवन हाय का?" मी म्हटलं, चहा आहे. तरी आली!

रेकॉर्डिंग आमच्या गोदामात. भिंतीला गाद्या, लोड आणि कनाती रचलेल्या, त्यामुळे तिथं आवाज घुमत नाही. पणदऱ्याची माणसं घरच्या दुधाची किटली घेऊन आली. वरकुट्याचे एक तात्या फेटा बांधून थेट माईकसमोर बसले. पुण्याहून आलेला साउंडवाला एवढी गर्दी बघून घाबरला. "खोकू नका" असं त्यानं सांगितल्यावर तर सगळ्यांनाच खोकला आला. फक्त सुप्याहून थोरल्या बहिणीच्या सासरची मंडळी यायची होती. साउंडवाला थांबेना, तेव्हा सुरू केलं.

अब्बा उभे राहिले. गाव, नाव, मान. त्यांना बीट कशाशी खातात माहीत नव्हतं. बीटच त्यांच्या मागं पळत होता. मग माझा नंबर. समोर ओळखीचे चेहरे बघून माझी आग आणि जमाना कुठल्या कुठं गेले. मी तात्यांच्या फेट्यावर बोलले, किटलीवर बोलले, शब्द आपोआप येत गेले. ऐन रंगात आले आणि गोदामाचं शटर खडखडत वर गेलं. दारात बहीण, व्याही, विहीणबाई, हातात मिठाईचे पुडे.

अब्बांनी माझ्या खांद्यावरून वाकून माझ्याच माईकवर हाक दिली, "सुप्याची मंडळी, म्होरं या!"

माझी ओळ तुटली. असा संताप आला म्हणता! त्याच संतापात मी व्याह्यांकडे वळले:

"यस्टी चुकली का झोप लागली, व्याही?
या बसा, ही गादी आजून कुनाला दिली न्हाई!"

"यस्टी न्हाय, गाडी पंक्चर झालती!" व्याही दारातूनच गरजले, अगदी तालात. गोदाम हसून लोळलं.

साउंडवाला म्हणाला, पुन्हा घेऊ, स्वच्छ. अब्बा म्हणाले, "आता उशिरा कोन येनार? मग म्होरं कुनाला बोलवू?" साउंडवाल्यानं वायर गुंडाळायला घेतली. गाणं तसंच राहिलं.

सिनेमा बारामतीत लागला आणि बघता बघता उतरला. गाणं मात्र उतरायला तयार नाही. आता लग्नात ते वाजतं, आणि कुणी उशिरा आलं की अख्खा मंडप ओरडतो, "सुप्याची मंडळी, म्होरं या!" मग तो पाहुणा सोलापूरचा का असेना. खुद्द सुप्याची माणसं तर हाक ऐकल्याशिवाय आत येत नाहीत. वेळेवर पोचली तरी बाहेर उभी राहतात. आमचे व्याही हे गाणं आपलंच आहे असं सांगत फिरतात. पंक्चरच्या मिजाशीनं.

यंदा पणदऱ्याला एक लग्न होतं. मी पुण्याहून काम उरकून निघाले, एसटीनं दगा दिला आणि पोचेपर्यंत मंडप भरलेला. माझंच गाणं वाजत होतं. आचाऱ्याच्या बाजूनं गुपचूप शिरावं म्हणून मी वाकून निघाले, तेवढ्यात गाण्यात ती हाकेची जागा आली. सगळ्यांनी माझ्याकडे बघून तोंडं उघडली आणि अब्बांनी हात वर करून गाणं बंद केलं.



मग त्यांचा तो लग्नातला आवाज आला. "इंदापूरच्या, या गाण्याच्या कवयित्री आणि गायिका..." पुढं माझं नाव. माझं, त्यांचं, आडनावासकट. "यांचं सहर्ष स्वागत. म्होरं या."

जन्मभर मला 'ये' म्हणणारा बाप मला 'या' म्हणत होता. माझी पाठ आपोआप ताठ झाली आणि डोळ्यांसमोरचं काही दिसेना.

मागच्या रांगेतून व्याह्यांनी डाव साधला. "अहो व्याही, घरच्याचं नाव घेताय? माईक काय बापाचा हाय का?"

अब्बांनी माईक तोंडाजवळ नेला.

"व्हय," ते म्हणाले. "हिच्या बापाचा हाय."