डावा कौल

देवाशी माझं भांडण दीड वर्ष चाललं. भांडण म्हणजे अगदी बोलणंचालणं बंद. आमच्या पार्से गावातल्या घरात देवघर स्वयंपाकघराला लागून आहे. त्यामुळे दिवसातून वीस वेळा तरी मी त्याच्यासमोरून जायची, पण मान वळवायची नाही. दिवा सासूबाई लावत. गुडघे धरून उठत, वात पेटवत आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत, "आमच्या सुनेवांगडा देवय वाद घालूक भिता." पूर्वी ही घरातली थट्टा होती. मी हट्टी आहे हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक. मानसी गेल्यावर मात्र त्या थट्टेवर कुणी हसत नसे. सासूबाईसुद्धा ती सवयीनेच करत.

मानसी माझी धाकटी. बारावीत होती. चतुर्थीला आठ दिवस असताना तिला ताप आला. दोन दिवस काढे झाले, दृष्ट काढून झाली. तिसऱ्या दिवशी आमचे हे म्हणाले, म्हापशाला इस्पितळात नेऊया. मी म्हटलं, आधी देवीचा कौल घेते. आमच्याकडे मोठी गोष्ट कौल घेतल्याशिवाय करत नाहीत. गुरव मूर्तीला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, आपल्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विचारायला लावलं, मुलगी घरीच बरी होईल ना? घरी येऊन सांगितलं, उजवा कौल झाला. आम्ही थांबलो. पाचव्या दिवशी तिची शुद्ध हरपली तेव्हा तिला नेलं. डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला.

गावाला माहीत आहे ते एवढंच. सगळ्यांना वाटलं, उजवा कौल देऊनही देवीने मुलगी नेली, म्हणून ही देवीवर रागावली आहे. मीही तसंच वाटू दिलं. खरं मी आज लिहिते. पहिला कौल डावा पडला होता.

देवळात गुरव आणि मी, दोघंच होतो. डावी पाकळी सुटून खाली आली ती मी डोळ्यांनी पाहिली. गुरवाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पाकळी नीट चिकटली नव्हती, परत लावा. तो म्हातारा माणूस थोडा घुटमळला, पण मी ऐकणारी नव्हे. माझ्या थोरल्या भावाला एकदा इस्पितळात नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. तेव्हापासून त्या पायऱ्या चढायची मला धास्ती. मला देवीला विचारायचं नव्हतंच, मला तिच्याकडून हो म्हणवून घ्यायचं होतं. दुसऱ्यांदा उजवी पडली आणि मी उठले. देवीने मला वेळेवर सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही आणि वर तिच्यावर रुसून बसले. तिच्यावर रुसणं सोपं होतं, ती उलट बोलत नाही.

आमचे हेही बोलले नाहीत. "तुझ्यामुळे" हा शब्द त्यांनी एकदाही तोंडातून काढला नाही. सकाळी चहाचा कप माझ्या उशाशी ठेवून जायचे, संध्याकाळी तो तसाच परत न्यायचे. ते ओरडले असते तर मी भांडले असते आणि भांडता भांडता खरं सांगून टाकलं असतं. त्यांच्या गप्प बसण्यापुढे माझी जीभ उचलत नव्हती. जेवायला समोरासमोर बसलो की मला वाटायचं, हा माणूस आपल्याला चांगली समजतो आणि आपण खोटं लपवून त्याच्या पानात वाढतो आहोत. हे असं किती वर्षं चालायचं, मला कळत नव्हतं.

गेल्या फाल्गुनात आमच्या नितेशने, म्हणजे थोरल्या मुलाने, मानसीची निळी वही बाहेर काढली. पोरीला पक्षी-प्राण्यांचं वेड. वहीत दोन याद्या होत्या, 'पाहिलेले' आणि 'पाहायचे'. शेवटच्या पानावर परीक्षेनंतरच्या सहलीचा बेत होता. पार्से, डिचोली, वाळपई आणि पुढे जंगल. त्याखाली लिहिलं होतं, 'बाबा गाडी चालवणार. आजी पुढे बसणार, गुडघे. आईने कुणाशी भांडायचं नाही.' नितेशने ते मोठ्याने वाचलं. "जाऊया," तो म्हणाला. मी नको म्हणणार होते, पण ती शेवटची ओळ वाचल्यावर नको कसं म्हणू?

आमचे हे पूर्वी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर त्यांनी व्हॅन घेतली, शाळेची मुलं ने-आण करतात. त्या व्हॅनने आम्ही सकाळीच निघालो. सासूबाई पुढे बसल्या. मागे एका खिडकीशी नितेश, दुसऱ्या खिडकीशी मी. मधली जागा मोकळी राहिली. पाववाल्या पोदेराकडून घेतलेल्या उंड्यांची, म्हणजे पावांची, पिशवी तिथे ठेवता आली असती, पण ती मी वाळपईपर्यंत मांडीवरच धरली. डिचोलीच्या पुढे यांनी गाडी हळू केली. एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात हिरवंगार पाणी साचलं होतं आणि काठावर बगळे बसले होते. "हय मी पयली खेप भरलेलंय," ते म्हणाले. "तेव्हा कावळोसुदीक बसा नाय." त्या दिवशी ते स्वतःहून बोलले ते हे पहिलं वाक्य. मानसी असती तर बगळे मोजायला खाली उतरली असती. आम्ही उतरलो नाही.

वाळपईला चहा घेतला आणि आतल्या रस्त्याला लागलो. डोंगरउतारावर काजूची बोंडं पिकली होती, खिडकीतून तो आंबूस वास येत होता. डांबरी रस्ता संपला तिथे एक देवराई होती. आत उन्हाचा पत्ता नव्हता. एका जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावर काळा दगड, त्यावर वाघाची झिजलेली आकृती. एक म्हातारे गृहस्थ खराट्याने चौथऱ्याभोवतीची पानं झाडत होते आणि तिथल्याच झाडांच्या बुंध्याशी सारत होते. राईतलं वाळकं पानही बाहेर न्यायचं नाही, असा तिथला नेम.

"रानांत वतात? मागीर वाघऱ्याक सांगून वचात," ते म्हणाले. जंगलात शिरताना किती माणसं चालली ते त्या देवाला सांगायचं आणि परतताना किती आली तेही सांगायचं, म्हणजे कुणी आत राहत नाही. "कितलीं जाणां तुमी?"

"पाच," आमचे हे म्हणाले.

विचार न करता म्हणाले. लग्नाच्या पंगतीत, देवळात, बसच्या तिकिटाला, सतरा वर्षं त्यांनी तेच सांगितलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. नितेश खाली बघू लागला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. कुणीच ते दुरुस्त केलं नाही. म्हाताऱ्यांनी समोर उभ्या चार माणसांकडे पाहिलं, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही. हात जोडून म्हणाले, "पांच जाणां वतात रे देवा. पांचूय जाणांक सांबाळ." पानावर गुळाचे पाच खडे ठेवले आणि प्रत्येकाला एकेक दिला. पाचवा माझ्या तळहातावर ठेवला.

मला दुखलं आणि नेहमीप्रमाणे त्याचा राग झाला. मी तुटकपणे विचारलं, "तुमच्या देवाचा इथे कौल लावतात का?"

"हांगा कौल ना, बाये," ते म्हणाले. "हांगा फकत सांगपाचें. विचारपाचें कांयच ना. पूण फट सांगूंक जायना." खोटं सांगायचं नाही, एवढीच अट. एवढं बोलून त्यांनी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली आणि दुखण्यावर कुठला पाला बांधावा ते सांगत बसले.

सासूबाई चार पावलं रानात आल्या आणि परत राईत जाऊन बसल्या. आम्ही तिघं तीनेक तास पायवाटेने हिंडलो. नितेशला एक शेकरू दिसलं, तांबूस, झुबकेदार शेपटीचं. त्याने वहीत 'पाहायचे'मधून ते खोडलं आणि 'पाहिलेले'मध्ये उतरवलं. त्याचं अक्षर तिच्या अक्षराखाली वेगळं दिसत होतं. धनेश पक्षी मात्र कुठे दिसला नाही. तिच्या यादीत सगळ्यात वर तोच होता, खाली दोन रेघा ओढलेल्या. मी झाडांकडे बघत नव्हतेच. हातातला गूळ घामाने चिकट झाला होता. तो खाववत नव्हता आणि टाकवतही नव्हता. दीड वर्षात जे कुणाला सांगितलं नव्हतं ते आता बाहेर यायला बघत होतं आणि एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, फक्त सांगायचं.

परतलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. म्हातारे गृहस्थ तिथेच होते. "सांगात," ते म्हणाले. आमचे हे चौथऱ्यापुढे उभे राहिले, हात जोडले. ओठ हलले, पण आकडा बाहेर येईना. पाच म्हणता येत नव्हतं, चार म्हणवत नव्हतं. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती. ज्या गोष्टीला मी जबाबदार, ती बोलायचं ओझं पुन्हा त्यांच्यावर पडलं होतं. मी पुढे झाले.

गाऱ्हाणं मोठ्याने घालायचं असतं. मी मोठ्याने बोलले. "देवा, आमी चार जणां परत इल्यांव. पाचवी इली नाय. ती दीड वर्सा आदीच गेली. देवीन डावो कौल दिल्लो. तिणां माका सांगलेलां. मीच गुरवाक परत लावूक सांगलंय आणि घराकडे येवन उजवो म्हटलंय." पुढे काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं, की देवीची क्षमा मागायची म्हणून तोंड उघडलं आणि मानसीची मागितली. मग मी खाली बसले.

मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. आता हा माणूस मला इथेच सोडून गाडीत जाऊन बसला तरी त्याचं चुकणार नाही, असं वाटत होतं. तेवढ्यात ते शेजारी मातीत येऊन बसले.

"माका खबर आसा," ते म्हणाले. "गुरवान माका त्याच सांजे सांगल्यान."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"गाडी दारात होती," ते म्हणाले. "मी तरी तिका इस्पितळात खंय व्हेलंय? माकाय उजवोच व्हयो होतो."

ते रडले. मानसीला स्मशानात नेलं त्या दिवशी ते रडले नव्हते, लोकांना पाणी देत फिरत होते. मी दीड वर्ष समजत होते, की ते मला सोसत आहेत. ते स्वतःलाच सोसत होते. दोघं एकाच छपराखाली एकच ओझं घेऊन बसलो होतो आणि ते एकमेकांना दाखवलं नव्हतं. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता तरी चायचो कप रिकामो परत जायत." नितेश आमच्या दोघांच्या पाठीशी येऊन उभा राहिला. म्हातारे गृहस्थ तोपर्यंत दूर जाऊन पानं झाडू लागले होते.

तेव्हा वर आवाज झाला. कुणी जाड गोधडी झटकावी तसा, एकामागून एक. दोन धनेश राईवरून गेले, एकामागे एक, मोठ्या पिवळ्या चोची पुढे काढून. पलीकडच्या झाडावर टेकले नाहीत, सरळ डोंगराकडे गेले. त्याला मी चमत्कार म्हणत नाही. ते त्यांचं रान आहे, ते रोज तिथून जात असतील. आम्ही मात्र त्याच वेळी तिथे होतो आणि आमचे डोळे वर होते. हातातला पाचवा खडा मी वाघऱ्यापुढे ठेवला. नितेशने वहीत लिहिलं, 'धनेश, दोन.'

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. ते देव होते असंही मी म्हणणार नाही. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यांनी सांगितलेल्या पाल्याने सासूबाईंच्या गुडघ्यांना काडीचा फरक पडला नाही. पण आम्ही कोण कुठले, हे न विचारता त्यांनी आमच्या चुकीच्या आकड्यासाठी पाचवा खडा ठेवला आणि मला खरं बोलायला जागा दिली. एवढी कृपा माझ्यासारखीला पुष्कळ झाली. दुःख कमी झालेलं नाही. मानसी नाही ती नाहीच, आणि माझी चूक माझ्या नावावर राहणार आहे. एवढंच, की आता ती माझ्या एकटीच्या मुठीत नाही. देवापुढे जाताना मी जन्मभर उत्तरं घेऊन गेले. हात मोकळे ठेवून जायला शिकायला मला एवढी मोठी किंमत पडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं आमच्या देवीच्या देवळात गेलो. गुरव मला बघून थबकला. तोही खूप खचलेला दिसला. पाकळ्यांचं तबक हातात घेऊन त्याने खालमानेने विचारलं, "कौल लावू?"

"नको," मी म्हटलं. "आज विचारूचा नाय. फक्त सांगूचा आसा."

आमचे हे माझ्याजवळ उभे राहिले. मी दीड वर्षाने हात जोडले आणि तिच्याकडे मान वर करून पाहिलं.

"आई, चार आमी इल्यांव. पाचवी तुझ्याकडे आसा."