गेमपॅडवर चार अक्षता

माझ्या साडूकडे गाडी नाही, पण स्टिअरिंग आहे.

साडू म्हणजे मिलिंद, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मुलुंडला सासूसासऱ्यांच्याच सोसायटीत राहतो. (हा त्याचा पहिला गुन्हा! मी बोरिवलीहून धापा टाकत पोचेपर्यंत त्याचं सासऱ्यांबरोबर चहा, पेपर आणि राजकारण, सगळं उरकून झालेलं असतं.) आम्हा दोघांनाही एकच व्यसन आहे, कॉम्प्युटरवर गाड्या पळवायचं. पोराटोरांचा धडाधड आपटायचा खेळ नव्हे हं! खऱ्या ट्रॅकची हुबेहूब नक्कल. टायर तापतात, पेट्रोल संपतं, वळणावर जरा जास्त वेग दिला की गाडी गवतात. आणि हे सगळं आम्ही साध्या गेमपॅडवर खेळायचो. डाव्या अंगठ्याखाली एक बुटकी दांडी असते, तिनं वळायचं. उजव्या तर्जनीनं वेग द्यायचा. त्यात मी मिलिंदला दर वेळी हरवायचो. घरात माझ्या मताला फोडणीतल्या कढीपत्त्याइतकी किंमत आहे, पण त्या ट्रॅकवर मी राजा होतो.

मग मिलिंदनं चाक आणलं. खऱ्या गाडीएवढं, चामडी, वळणावर हाताला झटके देणारं. खाली पेडल, मागे विमानाच्या पायलटला शोभेल अशी खुर्ची. त्या दिवसापासून माझ्या गेमपॅडला तो 'रिमोट' म्हणायला लागला.

"काय रे सुहास, अजून रिमोटवरच?"

"अंगठ्यात कला लागते, मिल्या. मला ड्रायव्हिंग स्कूल नाही काढायचंय."

म्हटलं खरं, पण आतून मी जळून कोळसा झालो होतो. घरी येऊन बायकोपुढे, म्हणजे स्नेहलपुढे, विषय काढला, तर ती म्हणाली, "ठेवणार कुठे ते धूड? माझ्या डोक्यावर?" इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाली, "मिलिंदच्या हॉलमध्ये मात्र काय झकास दिसतं ना!" त्या रात्री मला आमटी गोड लागली नाही.

अशातच अप्पांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, जाहीर केलं की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आता गाडी चालवणं बंद. त्यांची पांढरी गाडी जुनी आहे, पण अंगावर एक ओरखडा नाही. रोज सकाळी तिला ते फडक्यानं असे पुसतात, की तेवढं त्यांनी सासूबाईंना प्रेमानं विचारलं असतं तर संसाराचं सोनं झालं असतं.

"दसऱ्याला पूजा करून किल्ली देऊन टाकतो," ते म्हणाले. "जो नीट चालवेल त्याला."

मला ती गाडी हवी होती. आणि मिलिंदला ती मिळायला नको होती. (दोन्हींपैकी एकच पदरात पडणार असतं, तर दुसरं चाललं असतं!)

दसऱ्याला सकाळी सगळे मिलिंदच्या घरी जमलो. पाटावर अप्पांच्या गाडीची किल्ली, मेव्हणीचा लॅपटॉप, सासूबाईंची विळी, अशी सगळ्यांची आयुधं मांडली होती. पण सगळ्यांच्या नजरा होत्या मिलिंदच्या चाकावर! त्याला झेंडूचा हार, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि पेडलखाली चक्क लिंबू!

"गाडी म्हटली की लिंबू हवंच," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

मला ते पाहवेना. मी पिशवीतून टॉवेलात गुंडाळून आणलेला माझा गेमपॅड काढला आणि पाटावर ठेवला.

"आई, माझ्याही आयुधाची पूजा करा."

"ह्यो रिमोट?" सासूबाईंची माहेरची मालवणी जागी झाली.

मिलिंद फिसकन हसला. माझा तोल तिथेच सुटला. "रिमोट नाही, आई! गाडीच आहे ती. बाळसं धरलं नाही इतकंच!"

सासूबाईंनी त्याला कुंकवाचं एक बोट लावलं. एकच! चाकाला अख्खं स्वस्तिक आणि माझ्या गेमपॅडला डास चावल्यासारखा ठिपका!

"एवढंच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सुहास, लाज आण जरा!" स्नेहल कुजबुजली.

"असांदे गो," सासूबाई म्हणाल्या, "जावयाचा मन कित्याक मोडूचा?" आणि त्यांनी खरंच हात सैल सोडला. ओलं कुंकू, ओली हळद, पाकळ्या, वर मूठभर अक्षता. माझ्या लग्नातही माझ्या डोक्यावर एवढ्या पडल्या नव्हत्या. मी मिलिंदकडे विजयी मुद्रेनं बघितलं.

आरती होताच मिलिंदनं डाव साधला. "अप्पा, जो नीट चालवेल त्याला म्हणालात ना? मग इथेच बघा. तीन फेऱ्या मी मारतो, तीन सुहास मारेल."

"बघू तरी," अप्पा चष्मा पुसत म्हणाले आणि स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसले.

पहिला मिलिंद बसला. हारासकट! प्रत्येक वळणाला झेंडूच्या पाकळ्या उडत होत्या, सासूबाई "सांभाळून हं!" म्हणत होत्या, आणि स्नेहल (माझी बायको!) टाळ्या वाजवत होती. गडी तीन फेऱ्या ब्रेकला पाय न लावता बिनचूक मारून उतरला. उतरताना त्यानं कपाळावरचा घाम पुसला. पंख्याखाली बसून!

माझी पाळी आली. मी गेमपॅड हातात घेतला, अप्पांकडे बघून नम्र हसलो आणि वेग दिला. गाडी सुसाट सुटली आणि डावीकडे वळली. ट्रॅक सरळ होता.

मी दांडी उजवीकडे ढकलली. हलेना! अक्षतांनी दांडीच्या बुडाशी ठाण मांडलं होतं आणि कुंकवाच्या चिखलात त्या पक्क्या बसल्या होत्या. गाडी गवतात गोल गोल फिरू लागली.

"हे काय चाललंय?" अप्पांनी विचारलं.

"प्रदक्षिणा," मिलिंद म्हणाला.

"टायर गरम करतोय, अप्पा!" मी ओरडलो आणि सगळा जीव अंगठ्यात आणून रेटा दिला. कुंकवावरून अंगठा सटकला, गाडी भिंतीवर आपटली आणि गेमपॅड थरथरायला लागला. (धडक बसली की तो थरथरतो, ही त्यातली सोय आहे!) त्या थरथरीनं हळद उडाली माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर आणि अक्षता उडाल्या अप्पांच्या टकलावर. सासूबाईंनी सवयीनं हात जोडले.

"अरे, सोड तो रिमोट!" स्नेहल म्हणाली.

"रिमोट नाही तो!"

तेवढ्यात शेवटची अक्षता निसटली. दांडी मोकळी झाली! मी सर्रकन गाडी वळवली, ट्रॅकवर आणली आणि खरं सांगतो, काय चालवली! कॉम्प्युटरच्या चार गाड्या एका दमात पार केल्या!

"त्या सगळ्या समोरून का येतायत?" अप्पांनी शांतपणे विचारलं.

मी उलट्या दिशेनं चाललो होतो. पाचवी गाडी मला पार करता आली नाही.

हसण्याचा कल्लोळ ओसरल्यावर अप्पा उठले, डोक्यावरच्या अक्षता झटकल्या आणि पाटावरची किल्ली उचलली. मी हळदीचे हात झब्ब्याला पुसले. मिलिंदनं तर हात पुढेही केला होता.

"एकाला ब्रेक माहीत नाही, दुसऱ्याला दिशा माहीत नाही," अप्पा म्हणाले आणि त्यांनी किल्ली स्नेहलच्या हातात ठेवली. "इतकी वर्षं बोरिवलीहून येऊन याच गाडीनं आम्हा दोघांना डॉक्टरकडे नेते ती. तिला द्यायची हे माझं कधीच ठरलं होतं."

"मग ही रेस कशाला बघितलीत?" मी विचारलं.

"सणाचा दिवस आहे. जरा करमणूक!"

मिलिंदचा चेहरा असा पडला, की माझा पराभव मी जागच्या जागी विसरलो. आणि मग डोक्यात उजेड पडला. गाडी स्नेहलची, म्हणजे ती बोरिवलीला येणार. माझ्या बिल्डिंगखाली! जिंकलो की मी! मी ताडकन उठून पुढच्या सीटवर हक्क सांगायला खाली धावलो.

"तिथे अप्पा बसतील," स्नेहल गाडी सुरू करत म्हणाली. "तू मागे."

सगळे एक चक्कर मारायला निघालो; मेव्हणी तेवढी पुऱ्या तळायला घरीच राहिली. मागे एका खिडकीशी सासूबाई बसल्या, मध्ये हळदीनं माखलेला मी, आणि दुसऱ्या खिडकीशी मिलिंद, कोपर बाहेर काढून, वारा खात. आमचीच गाडी, माझीच बायको चालवतेय, सासरे खुशीत आहेत. आणि मी मुलुंडच्या चेक नाक्यापर्यंत एका शब्दानं कोणाशी बोललो नाही, कारण खिडकी मिल्याला मिळाली होती!