ब्रूजचा नैवेद्य

ब्रूज म्हटलं की आधी आठवतो तो वास. कालव्याच्या हिरवट, संथ पाण्याचा गारवा, विटांच्या जुन्या भिंतींवर साचलेल्या शेवाळाचा मंद, ओलसर गंध, आणि त्या सगळ्यावर कुठूनतरी तरंगत येणारा, तापल्या लोखंडी साच्यात वॉफल भाजताना साखर करपल्याचा तो ऊबदार, जीवघेणा दरवळ. एप्रिलचं कोवळं ऊन पुलांच्या कमानींखाली शिरून पाण्यावर हलत होतं, चौकातल्या उंच मनोऱ्यातून घंटांची किणकिण अधूनमधून ओघळत होती, आणि मी मात्र नाकाला रुमाल लावून, सर्दी झाल्याचं सोंग करत चालले होते. गोड सोडलेल्या बाईला जगाच्या पाठीवर कुठेही न्यावं, पण ब्रूजला नेऊ नये.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आम्ही तेव्हा इंग्लंडात लेस्टरला होतो. माझे यजमान श्रीकांत हॉस्पिटलात रजिस्ट्रार होते, म्हणजे वॉर्डातलं ओझं सगळं यांच्या खांद्यावर आणि शेवटचा शब्द मात्र कन्सल्टंटचा. त्या वरच्या खुर्चीच्या वाटेवर रॉयल कॉलेजच्या मेंबरशिपची परीक्षा आडवी पडलेली होती. ती ते पहिल्यांदा नापास झाले तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ‘नाही झालं,’ एवढंच म्हणून ते आंघोळीला गेले. मी पिठाच्या हातांनीच देव्हाऱ्यातल्या गणपतीपुढे उभी राहिले आणि बोलून बसले, की हे पास होईपर्यंत गोडाचा घास तोंडात घालणार नाही. आमच्या माहेरी अशी बोललेली गोष्ट कुणाला सांगत नाहीत. सांगितली की तिचं पुण्य ओसरतं म्हणतात. मीही सांगितली नाही. मला वाटलं होतं, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.

तो सहा महिन्यांचा प्रश्न पुढे किती लांबला ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. दर परीक्षेला सकाळी त्यांच्या तळहातावर मी दही-साखर ठेवायची आणि आपली बोटं मुकाट्याने नळाखाली धरायची. दिवाळीत करंज्या मी करायच्या आणि सारण गोड झालंय का ते शेजारणीने सांगायचं. संक्रांतीला तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी हातावर ठेवलेला तिळगूळ पर्समध्ये जायचा. दात दुखतो, ही माझी ठरलेली सबब. ती इतक्यांदा ऐकून श्रीकांतनी मला अखेर दंतवैद्याकडे धाडलं, आणि त्या बिचाऱ्याने पाऊण तास माझ्या तोंडात डोकावून, इतके सुरेख दात आपण बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत, असा निर्वाळा दिला. यावर तरी आमच्या डॉक्टरांना शंका यावी! पण जे दुसऱ्याच्या छातीतली बारीकशी कुरकुर कान लावून ओळखतात, त्यांना घरातली कुरकुर ऐकू येत नाही, हे मी फार पूर्वीच ओळखलं होतं.

अशात एका संध्याकाळी ते घरी आले ते ब्रूजच्या सहलीची तिकिटं घेऊन. कोचबसने डोव्हर, तिथून बोटीने पलीकडे बेल्जियमला, दोन रात्री मुक्काम, रविवारी परत. आमच्या मुलीला तिच्या मैत्रिणीकडे ठेवायचंही परस्पर ठरवून आले होते. परीक्षा दोन महिन्यांवर असताना हा माणूस सहलीला निघतो म्हणजे काय, ते मला उमगेना. बॅग भरताना मी त्यांचं लाल पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक सवयीने कपड्यांत ठेवलं. हे पुस्तक आमच्याबरोबर समुद्रावर, लग्नांना, एकदा तर बाळंतपणाच्या वॉर्डातसुद्धा आलेलं होतं. बोटीवर मी बॅग उघडली तर पुस्तक नव्हतं. त्यांनी ते काढून ठेवलं होतं. मी विचारलं नाही, बॅग बंद केली. यांना काही दुखणं वगैरे तर नाही ना, आणि ते मला सांगायचं टाळण्यासाठी तर हे सगळं नाही ना, असं मनात येऊन खाडीचं ते निळंकरडं पाणी मला दिसेनासं झालं.

ब्रूज मात्र जिवाला शांत करणारं गाव होतं. पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची विटकरी घरं कालव्यात आपली तोंडं पाहत उभी होती. पाण्यावर ओणवलेल्या विलोच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती. आणि राजहंस असे निवांत हिंडत होते, की जणू गावची घरपट्टी तेच भरतात. आम्ही होडीतून फिरलो, खिडक्यांत मांडलेल्या लेसच्या नाजूक जाळ्या पाहिल्या, चौकातल्या टपरीवर कागदी शंकूतले जाड, कुरकुरीत बटाट्याचे काप खाल्ले. श्रीकांत माझ्याशी बोलत होते, हसत होते, पण दर पुलावर थांबून काहीतरी सांगायला तोंड उघडत आणि पूल संपला की मिटत. त्या गावात पुलांना काही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चॉकलेटच्या एका दुकानात शिरलो. आत थंड, काळसर, मखमली सुगंध. पांढरे हातमोजे घातलेली बाई एकेक चॉकलेट चिमटीने उचलून डब्यात रचत होती. तिने एक माझ्यापुढे धरलं. मी मान हलवली. तिने पुन्हा आग्रह केला, अगदी आपल्याकडे पंगतीत करतात तसा.

‘अगं, एक तर घे,’ श्रीकांत म्हणाले, ‘तिला वाईट वाटेल.’

‘नको.’

‘दात दुखतोय म्हणू नकोस आता.’

त्या वासाने, त्या आग्रहाने आणि दोन दिवसांच्या धास्तीने माझा बांध फुटला असावा. ‘गोड सोडलंय मी,’ मी म्हणाले. ‘तुम्ही पास होईपर्यंत.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, मग डब्याकडे. डबा तसाच बांधून घेतला आणि बाहेर पडले. मी मागोमाग. कालव्याच्या काठी एका बाकावर ते बसले, डबा मांडीवर.

‘म्हणजे तेव्हापासून?’

‘हो.’

‘आणि मी दंतवैद्याकडे पाठवलं!’ त्यांनी कपाळावर हात मारला. मग अगदी हळू म्हणाले, ‘मग तुला जन्मभर गोड मिळायचं नाही गं. मी आता बसणार नाही परीक्षेला. लेस्टरमध्येच एका दवाखान्यात जीपीची, फॅमिली डॉक्टरची जागा देतायत, मी हो म्हणून आलोय. तेच सांगायला तुला इतक्या लांब आणलं, आणि कालपासून धीर होत नाहीये.’

खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांची रात्रीची जागरणं, दरवर्षी नव्या नोकरीपायी नव्या गावात नवे पडदे, सांगलीला सासूबाईंना लिहिलेलं ‘पुढच्या वेळी नक्की’. पण वाटलं ते एवढंच, की मनगटात रुतलेली बांगडी साबण लावून एकदाची निघाली. माणूस धडधाकट होता. पुस्तक घरी होतं. आम्ही आता कुठेही जाणार नव्हतो. मला मोठ्याने रडू आलं आणि ते सुखाचं आहे हे त्यांना पटवायला बराच वेळ लागला.

डोळे पुसल्यावर मला दुसरी काळजी लागली. ‘पण गणपतीला काय सांगायचं? तुम्ही पास होईपर्यंत, असं म्हणाले होते मी.’

‘सांग, परीक्षार्थीने नाव काढून घेतलं. परीक्षाच नाही, तर निकाल कुठला?’

‘असं चालतं?’

‘तो वकील नाही. समजून घेईल.’

तरी तसंच तोंडात टाकायला माझं मन धजेना. पर्समध्ये माहेरून आलेली गणपतीची छोटी तसबीर असायची. ती मी बाकावर टेकवली. कागदी रुमालावर डब्यातलं सगळ्यात देखणं चॉकलेट ठेवलं, बाटलीतलं पाणी हातावर घेऊन भोवती फिरवलं आणि हात जोडले. श्रीकांतनीही जोडले. एक राजहंस काठाशी येऊन मान वर करून बघत होता. मग प्रसाद म्हणून मी अर्धं चॉकलेट तोडलं.

आतून काहीतरी जहाल, गरम, औषधासारखं घशात उतरलं आणि मला ठसका लागला. श्रीकांतनी उरलेलं अर्धं हुंगलं, चाटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. ‘अगं, ब्रँडी आहे यात! गणपतीला ब्रँडीचा नैवेद्य दाखवलास तू!’

मी घाबरून तसबिरीकडे पाहिलं. देव नेहमीसारखाच प्रसन्न होता. आणि हे हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, बाकाची पाठ हलेपर्यंत. असं हसताना मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं आणि तो आवाज विसरूनही गेले होते. आमच्याच कोचमधली एक वृद्ध इंग्रज बाई पुलावरून जाताना थबकली. ‘सेलिब्रेटिंग समथिंग, डिअर?’

‘येस,’ श्रीकांत डोळे पुसत म्हणाले, ‘अ‍ॅन एक्झाम आय अ‍ॅम नॉट गोइंग टु पास.’

‘लव्हली,’ ती म्हणाली आणि पुढे गेली.

रविवारी दुपारी परतीच्या बोटीवर खिडकीपाशी जागा मिळाली. ऊन तिरपं होऊन पाण्यावर पसरलं होतं. श्रीकांत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले होते, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मोकळे. इतकी वर्षं मी त्यांना छातीवर उघडं पुस्तक घेऊनच झोपलेलं पाहिलं होतं. त्या रिकाम्या छातीचं संथ वरखाली होणं मी किती तरी वेळ बघत राहिले.

तो नवस फिटला की मोडला, हे मला अजूनही सांगता येत नाही. पुढे कुणी विचारलंही नाही, देवानेसुद्धा. मी एका हाताने, त्यांचं डोकं हलू न देता, डब्याची फीत सोडली आणि पहिलं चॉकलेट तोंडात घातलं, मग दुसरं. कुठलं साधं आणि कुठलं ब्रँडीचं, ते काही मी पाहत नव्हते. डोव्हरचे पांढरे कडे दिसू लागले तेव्हा डबा निम्मा झाला होता, आणि तरीही मी त्यांना उठवलं नाही.