बाईंचा नेहमीचा शब्द

गोदावरीबाईंच्या तोंडी एक शब्द कायमचा मुक्कामाला होता: मठ्ठ. पोराचा पाढा चुकला, मठ्ठ. नवऱ्याने मेथीऐवजी शेपू आणला, मठ्ठ. रिक्षावाला, दूधवाला, खुद्द हेडमास्तर, कुणी सुटलं नव्हतं. सोलापुरातल्या त्यांच्या शाळेत पोरं त्यावर हसायची, बाईही हसायच्या. माझ्या मनात काही नसतं हो, असं त्या म्हणत आणि ते खरंही होतं.

त्या दिवशी रुपालीला हातच्याची बेरीज जमेना. तिचा बाप सिद्धराम सांगोल्याकडचा मेंढपाळ. शहराबाहेर एका शेतात खतासाठी मेंढरं बसवून होता. फळ्यापाशी घुटमळणाऱ्या पोरीला बाई म्हणाल्या, "मठ्ठ कुठली. जा, मेंढरंच राख जा."

मधली सुट्टी संपली, तरी रुपाली वर्गात आली नाही.

दप्तर बाकावर तसंच. मैदान, गेट, बसथांबा, सगळं पालथं घातलं. सिद्धरामचा फोन लागेना. शिपाई तळ्याकडे बघून येतो म्हणाला. हेडमास्तरांनी विचारलं, काही बोललात का तिला? बाई म्हणाल्या, नेहमीचंच.

शाळा सुटता सुटता सिद्धराम आला, खांद्यावर घोंगडं. बाई आता शिव्या खायच्या तयारीनेच उभ्या राहिल्या.

"पोरगी मेंढरांच्या तळावर हाय बाई," तो म्हणाला. "तुमीच मेंढरं राखाय धाडली म्हनली. दप्तर न्ह्यायला आलोय."

त्याच्या घरात मेंढरं राखणं ही काही शिक्षा नव्हती. बाईंनी सुट्टी दिली समजून पोरगी चालत गेली होती आणि बापाने तिच्या हातात काठी दिली होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पदराने डोळे पुसले.

पण दप्तर घेऊनही सिद्धराम हलेना.

"बाई, मठ्ठ मंजी काय वो?"

का हो, बाईंनी विचारलं. तर रुपालीच्या धाकट्या भावाच्या, बिरुदेवच्या हातून कोकरू सुटलं होतं. तेव्हापासून ती त्याला तेच म्हणत होती. एरवी दिवसभर कोकरांत लोळणारं ते पोर आता पालाच्या आत बसलं होतं.

"कोकराला हात लावंना झालंय," सिद्धराम म्हणाला. "मी मठ्ठ हाय का, म्हनून इचारतंय. काय सांगू त्याला? मला तर ठावंच न्हाय की."

बाईंनी पर्स काखेला लावली.

"तो शब्द माझा आहे," त्या म्हणाल्या. "चला, मीच येते त्याच्याकडे."